निष्ठा कोणाशी : नेत्याशी की पक्षाच्या घटनेशी?

निवडणुकीचा निकाल लागला आणि पराभव पदरी पडला की आपल्या चळवळीत दोन शब्द हमखास ऐकू येतात. एक ‘गद्दार’ आणि दुसरा ‘निष्ठावंत’. ज्याने बैठकीत प्रश्न विचारला तो गद्दार. ज्याने मान खाली घालून सतरंज्या उचलल्या तो निष्ठावंत. पराभव का झाला, उमेदवार कोणी ठरवला, युती कोणाला विचारून केली, पैसा कोठून आला आणि कोठे गेला, हे प्रश्न मात्र तसेच राहतात. पुढच्या निवडणुकीला तेच नेते, तेच बॅनर आणि तोच पराभव.

आकडे कटू आहेत, पण ते डोळ्यांसमोर ठेवलेच पाहिजेत. १९९८ साली ऐक्याच्या जोरावर आणि काँग्रेसशी झालेल्या समझोत्यामुळे महाराष्ट्रातून प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे हे चार खासदार लोकसभेत गेले. विशेष म्हणजे चौघेही खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. वर्षभरात लोकसभा बरखास्त झाली आणि १९९९ च्या निवडणुकीला आपण ऐक्य मोडूनच सामोरे गेलो. २००४ नंतर तर महाराष्ट्रातून आंबेडकरी पक्षाचा एकही खासदार लोकसभेवर निवडून गेलेला नाही. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. या काळात समाज शिकला, वकील झाला, डॉक्टर झाला, परदेशात गेला. मग पक्षच का खुरटला?

याचे उत्तर शत्रूच्या कारस्थानात शोधणे सोपे आहे. कारस्थाने होतातच, ती करणे हे शत्रूचे कामच आहे. पण दार आतून उघडे असल्याशिवाय चोर घरात शिरत नाही.

इतिहास पाहा. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. मद्रासचे एन. शिवराज अध्यक्ष झाले. महाराष्ट्रात बळ असलेल्या पक्षाने तमिळ माणसाला अध्यक्ष केले, एवढे मोठे मन त्या पिढीकडे होते. १९६२ साली पक्षाचे तीन खासदार निवडून आले आणि तिघेही उत्तर प्रदेशातून. अलीगढला बी. पी. मौर्य यांनी दलित-मुस्लिम एकजूट करून दाखवली. १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. एवढी ताकद असलेला पक्ष पुढे कसा विखुरला? स्थापनेनंतर दोन-तीन वर्षांतच ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असे गट पडले. एक बाजू बी. सी. कांबळे यांची, दुसरी दादासाहेबांची. एकीकडे सुटाबुटातले वकील, दुसरीकडे धोतरवाले, अशी टिंगलही झाली. पुढे भंडारे काँग्रेसमध्ये गेले, मौर्यही गेले. १९७२ साली पँथर जन्मली आणि दोन वर्षांत तीही फुटली.

या प्रत्येक फुटीत एक गोष्ट समान आहे. ‘मी बाबासाहेबांशी निष्ठावंत नाही’ असे म्हणून एकही नेता बाहेर पडला नाही. प्रत्येक गट निष्ठेच्याच नावाने निघाला. म्हणजे आपल्याकडे निष्ठेची कमतरता कधीच नव्हती. कमतरता होती ती मतभेद झाल्यावर निर्णय कसा घ्यायचा, याच्या सर्वमान्य रीतीची. ज्या घरात वाद मिटवण्याची रीत नसते तेथे वाटणी हाच एक मार्ग उरतो.

बाबासाहेबांनी हा धोका फार आधी ओळखला होता. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्यावरील व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेवर आसूड ओढला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की, धर्मातली भक्ती आत्म्याला मोक्ष देत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. थोर माणसाविषयी कृतज्ञता असावी, पण तिलाही मर्यादा असावी, हे त्यांनी तेथेच सांगितले. हा इशारा देशासाठी होता, तसा तो आपल्या पक्षासाठी नव्हता काय? आपण संविधान डोक्यावर घेऊन मिरवणूक काढतो आणि पक्षाच्या कार्यालयात शिरताना ते बाहेर ठेवतो.

तथागतांचेही उदाहरण घ्या. त्यांनी संघाचा वारस नेमला नाही. धम्म हाच तुमचा शास्ता, असे सांगून ते गेले. आणि वज्जींच्या गणराज्यावर चाल करू पाहणाऱ्या अजातशत्रूचा मंत्री आला तेव्हा त्यांनी वज्जींच्या सैन्याची मोजदाद केली नाही. वज्जी वारंवार सभा घेतात काय, एकत्र जमून एकत्र निर्णय करतात काय, ठरलेले नियम पाळतात काय, वडीलधाऱ्यांचा मान आणि स्त्रियांची सुरक्षितता राखतात काय, हे त्यांनी आनंदाला विचारले. जोवर हे चालू आहे तोवर वज्जींचा ऱ्हास होणार नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कसोटी आज आपल्या एखाद्या पक्षाच्या जिल्हा शाखेला लावून पाहा. शेवटची सर्वसाधारण सभा कधी झाली? इतिवृत्त कोठे आहे?

वकील म्हणून मला एका गोष्टीचे नेहमी नवल वाटते. गल्लीतल्या छोट्या विहाराच्या ट्रस्टचा एक विश्वस्त बदलला तरी धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हिशेब तपासून घ्यावा लागतो. नाही केले तर नोटीस येते. पण लाखो लोकांच्या भवितव्याचा ठेका घेतलेल्या पक्षाचा जिल्हाध्यक्ष एका लेटरहेडवर नेमला जातो आणि मोबाईलवरच्या एका निरोपाने काढला जातो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ खाली नोंदणी करताना प्रत्येक पक्ष संविधानाशी आणि लोकशाहीशी निष्ठेची हमी देतो. पक्षाच्या घटनेत ठराविक मुदतीने अंतर्गत निवडणुकीची तरतूद असावी, हेही निवडणूक आयोग पाहतो. पण ही हमी मोडली म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. म्हणजे वरचा कायदा येथे पोचत नाही. येथे सभासदानेच पोचले पाहिजे.

आणि सभासदाच्या निष्ठेची कायद्याच्या तराजूत किंमत किती? १९७१ च्या सादिक अली खटल्यापासून पक्ष फुटला की बहुमत मोजले जाते. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेच्या वादात आयोगाने निर्णय दिला. तेथे पक्षघटनाच लोकशाहीला धरून नाही, पदाधिकारी निवडून आलेले नाहीत, असे सांगून आमदार-खासदारांचे बहुमत ग्राह्य धरले गेले. निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. धडा असा की, शाखेत आयुष्य घालवलेल्या कार्यकर्त्याचे मत मोजायला मतदारयादीच नव्हती. आपल्या पक्षांची अवस्था याहून बरी आहे काय?

उत्तर प्रदेशाकडे पाहिले तरी हेच दिसते. कांशीरामजींनी १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष काढला. त्याआधी बामसेफ आणि डीएस-फोरच्या माध्यमातून त्यांनी वर्षानुवर्षे कार्यकर्ता घडवला. २००७ साली पक्षाने स्वबळावर २०६ आमदार निवडून आणले. २०२२ साली आमदार आला एक. २००३ पासून अध्यक्षपद एकाच हाती आहे. वारस डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला, मे २०२४ मध्ये काढला, जूनमध्ये परत घेतला, मार्च २०२५ मध्ये पक्षाबाहेर घालवला आणि एप्रिलमध्ये पुन्हा आत आला. बहेनजींचे कर्तृत्व कोणी नाकारणार नाही. पण या प्रत्येक वेळी लाखो कार्यकर्त्यांना कोणी काही विचारले काय? दरम्यान २०२४ साली नगीन्यातून चंद्रशेखर आझाद वेगळा पक्ष काढून लोकसभेत पोचले. तरुणाला आत वाट मिळाली नाही की तो बाहेर नवी वाट काढतो. मग आपण त्यालाच मतविभाजनाचा दोष देतो.

काही बांधव म्हणतील, शत्रू दारात उभा असताना पक्षात निवडणुका कसल्या घेता? त्याने गट वाढतील. माझे म्हणणे उलट आहे. मतदान न घेताच आपण इतके गट केले आहेत की त्यांची कंसातली अक्षरे मोजता मोजता मतदार थकतो. हरलेल्या उमेदवाराला पुढच्या वेळी जिंकण्याची संधी दिसली तर तो पक्षात थांबतो. ती दिसत नाही म्हणून तो नवा पक्ष काढतो. काही म्हणतील, घराण्याचा मान राखला पाहिजे. जरूर राखू. पण घराण्यातील माणसानेही सभासदांच्या मतांवर निवडून यावे. त्याने त्याचा मान वाढेलच.

मग करायचे काय? मागणी साधी आहे. पावती फाडून सभासद नोंदवा आणि तालुकावार यादी छापा. तालुक्यापासून राज्यापर्यंत गुप्त मतदानाने पदाधिकारी निवडा. एका पदावर सलग दोन मुदती, त्याहून अधिक नाही. वर्षाचा जमाखर्च सभासदांपुढे ठेवा. युतीचा निर्णय राज्य परिषदेच्या लेखी ठरावाशिवाय नको. आणि पदांत निम्म्या महिला हव्यात. शांताबाई दाणींनी नाशिक जिल्हा पायाखाली घातला तेव्हा त्यांनी कोणाकडे राखीव खुर्ची मागितली नव्हती, पण आज महिलांना फक्त स्वागतगीतापुरते उभे केले जाते.

आणखी एक काम अर्धवट राहिले आहे. जुलै १९५६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी होते. बाबासाहेब गेले आणि काही महिन्यांत विद्यालयही बंद पडले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, शरीर साथ देत नसताना, त्यांना नव्या नेत्यांची शाळा काढावीशी वाटली. यातच सारे आले. आज जिल्ह्याजिल्ह्यात आपली सभागृहे, विहारे आणि निवृत्त अधिकारी आहेत. महिन्यातून दोन रविवार दिले तरी ती शाळा पुन्हा उभी राहील.

हे सारे कोणासाठी? खेड्यात अत्याचार झाला की रात्री दोन वाजता पीडित कुटुंबाला घेऊन पोलीस ठाण्यात उभा राहतो त्या कार्यकर्त्यासाठी. मोर्चाचे गुन्हे अंगावर घेऊन तो वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखा करतो. त्याच्या पाठीशी पक्ष उरला नाही तर ठाणेदार त्याचे ऐकत नाही, आणि पीडिताची फिर्याद साध्या अर्जावर संपते. पक्ष दुबळा होण्याची किंमत नेता मोजत नाही, हा माणूस मोजतो.

म्हणून पुढच्या बैठकीला जाताना जयभीम घाला, हार घाला, पण एक प्रश्नही सोबत न्या : साहेब, सभासदांची यादी कोठे आहे आणि निवडणूक कोणत्या तारखेला? हा प्रश्न विचारणारा गद्दार नाही. त्याच्याइतका निष्ठावंत दुसरा कोणी नाही.