पी, पी, परभणी!
माऊसला हात न लावता कॉम्प्युटर पळवणाऱ्या बोटांची गोष्ट

तुमच्या ऑफिसात हा नमुना असतोच. एक ओळ कॉपी करायची तर आधी माऊस शोधणार, मग राइट क्लिक, मग लिस्टमध्ये खाली उतरत उतरत 'कॉपी' गाठणार. पेस्टसाठी पुन्हा तीच पंढरीची वारी. बाजूला उभं राहून बघणाऱ्याच्या बोटांना नुसत्या मुंग्या येतात. आणि मग एखादीच अशी असते, जी कीबोर्डवर तबला वाजवते. स्क्रीनवर काय चाललंय हे आपल्याला कळायच्या आत तिची फाइल मेलने गेलेलीसुद्धा असते.

असा स्पीड बघायचा तर हिंजवडीला किंवा ऐरोलीला जाऊ नका. परभणीला जा. हो, तीच ती, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'वाली!

स्टेशन रोडच्या आसपासच्या एखाद्या 'आपले सरकार सेवा केंद्रा'त नुसतं अर्धा तास उभं राहा. २०२३ आणि २०२४ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा होता, तेव्हा जुलैअखेरीस अशा केंद्रांपुढे जी रांग लागायची ती रस्त्यावर यायची. ती योजना २०२५ मध्ये बंद झाली, पण रांग काही संपली नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, स्कॉलरशिप, काही ना काही असतंच. काउंटरमागच्या पोराचा माऊस पॅडवर उलटा पडलेला. म्हटलं, बिघडलाय का? तर मान वर न करता उत्तर आलं, "नाही ताई, माऊस धरला की रांग वाढायली."

तो काय करतो बघा. टॅब दाबत दाबत पुढे सरकतो आणि 'जिल्हा'च्या रकान्यात आला की दोनदा पी दाबतो. पी, पी, परभणी! यादी इंग्रजीत असली की पीवरून पहिला येतो पालघर, दुसरं परभणी, तिसरं पुणे. गंमत म्हणजे १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला नव्हता, तोवर एकाच पीमध्ये परभणी यायचं. मुंबईशेजारी जिल्हा वेगळा झाला आणि इकडे प्रत्येक फॉर्ममागे एक टिचकी वाढली! तालुक्याच्या यादीत तर पीची जत्राच आहे: पालम, परभणी, पाथरी, पूर्णा. म्हणजे पूर्णेचा माणूस समोर आला की चार वेळा पी. हे त्या पोराला कोणी शिकवलेलं नाही, त्याची बोटंच मोजतात.

थोडा हिशोब करू या. समजा एका फॉर्ममध्ये असे १० रकाने आहेत आणि माऊसने प्रत्येकाला ३ सेकंद जास्त लागतात. दिवसाला ८० फॉर्म भरले तर ४० मिनिटं गेली. तुमच्या-माझ्यासाठी ४० मिनिटं म्हणजे एक लंबा कॉफी ब्रेक. पण ज्याला पैसे फॉर्मवर मिळतात त्याच्यासाठी ती रोजची कमाई आहे, आणि रांगेतल्या शेवटच्या बाईसाठी गावाकडची शेवटची एसटी.

आपल्याकडे 'शॉर्टकट' हा शब्दच बदनाम. शॉर्टकट मारू नको, असं घरोघरी ऐकवलं जातं. कीबोर्डचं मात्र उलटं आहे. इथला शॉर्टकट फुकट मिळत नाही, आधी हात दुखेपर्यंत घोटावा लागतो.

खात्री करायची असेल तर नवा मोंढ्यात जा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन, कापूस बाजारात येतो आणि आडत दुकानांत पट्ट्यांचा पाऊस पडतो. माल कोणाचा, वजन किती, भाव काय, हमाली, तोलाई, सगळं टॅलीत. टॅलीची सुरुवात १९८६ ची, बेंगळुरूची. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचा मुलगा भरत यांनी घरच्या धंद्याचा हिशोब ठेवायला हवं तसं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून ते उभं केलं. डॉसच्या जमान्यातली ही पैदास, त्यामुळे ते पहिल्यापासून बोटांसाठीच बनलेलं. मेन्यूतलं जे अक्षर वेगळं दिसतं ते दाबा, झालं. एफ-४ कॉन्ट्रा, एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल, एफ-८ सेल्स, एफ-९ परचेस. नवीन खातं उघडायचं तर ऑल्ट-सी, मागचाच तपशील पुन्हा हवा तर कंट्रोल-आर, आणि शेवटी कंट्रोल-ए, नोंद पक्की. मोंढ्यातल्या एखाद्या दिवाणजी काकांना विचारा, बाकीची बाराखडी चुकेल पण ही चुकणार नाही. जीएसटी आल्यापासून, म्हणजे १ जुलै २०१७ पासून, दर महिन्याची २० तारीख जवळ आली की या बोटांना उसंत नसते. दसऱ्याला काही दुकानांत कीबोर्डलाही हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल मिळतं. ते शस्त्रच आहे, पूजा नको?

आणि म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये टॅलीप्राइम आलं तेव्हा खरी पंचाईत झाली. एफ-४ ते एफ-९ जागेवर राहिले, पण क्रेडिट नोट कंट्रोल-एफ-८ वरून ऑल्ट-एफ-६ वर गेली आणि डेबिट नोट कंट्रोल-एफ-९ वरून ऑल्ट-एफ-५ वर. बंगळुरात कोणीतरी दोन बटणं हलवली, इथे वीस वर्षांची सवय मोडायची वेळ आली. डोक्याला नवीन शिकवता येतं, करंगळीला नाही!

अजून एक मराठवाडी खोड. इकडची तिशी-चाळिशीतली माणसं दर दोन वाक्यांनंतर कंट्रोल-एस दाबतात, गुगल डॉक्सवरसुद्धा, जिथे त्याची गरजच नाही. ही लोडशेडिंगची देणगी. यूपीएस टूं-टूं करायला लागला की हातात जेमतेम काही मिनिटं. तेव्हा लागलेली ती सवय वीज टिकायला लागल्यावरही गेली नाही.

काळ्या खिडकीची, म्हणजे कमांड प्रॉम्प्टची, मात्र उगाचच दहशत आहे. विंडोज-आर, सीएमडी, एंटर, एवढंच तर आहे. लग्नसराईत फोटो स्टुडिओवाल्याला शेकडो फोटोंची यादी हवी असते. फोल्डरमध्ये एकेक नाव वाचून लिहायला अख्खी दुपार जाईल. त्याऐवजी 'डीआयआर', स्पेस, तिरकी रेघ, 'बी', मग मोठेपणाचं चिन्ह आणि फाइलचं नाव टाइप केलं की सगळी नावं एका टेक्स्ट फाइलमध्ये हजर. मागची कमांड पुन्हा हवी तर वरचा बाण, लांबलचक नाव टाइप करायचा कंटाळा आला तर टॅब. फक्त एक ध्यानात ठेवा, 'डीईएल'ने उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. तिथे थेट वैकुंठ!

आपल्या लाडक्या कट-कॉपी-पेस्टचा बाप म्हणजे लॅरी टेस्लर. अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात त्याने टिम मॉटबरोबर ही युक्ती घडवली. एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची बटणं ॲपलच्या लिसापासून, म्हणजे १९८३ पासून, रूढ झाली. टेस्लर फेब्रुवारी २०२० मध्ये गेला. पण त्याची ही जादू मराठीत बरीच वर्षं अर्धीच चालली, हे त्याला कोण सांगणार? डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमधली पत्रिका कॉपी करून दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाका, 'चि.सौ.कां.'च्या जागी रोमन अक्षरांचं गिचमीड! युनिकोड रुळल्यावर ही कटकट कमी झाली, पण जुन्या फाइल्स उघडल्या की ती अजून भेटतेच.

मराठी टायपिंगचं खरं भांडण मात्र हातांचं आहे. जुन्या टाइपरायटरवर 'किती' लिहिताना आधी वेलांटी मारायची, मग क. सरकारी इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराप्रमाणे आधी क, मग वेलांटी. रेमिंग्टनवर घोटलेला हात इथे अडखळतो, आणि ही अडखळ थेट पोटावर येते. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठी मिनिटाला ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं सर्टिफिकेट लागतं. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा आता कॉम्प्युटरवरच होते. गंगाखेड, जिंतूर, सेलूकडून रोज एसटीने येऊन तासभर टायपिंग करणाऱ्या मुली कंट्रोल-झेडकडे ढुंकून बघत नाहीत. मागे जाऊन दुरुस्त करत बसलं तर पुढचा शब्द हुकला.

इनस्क्रिप्टची खुबी म्हणजे स्वर-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. त्यामुळे दोन्ही हात आलटून-पालटून चालतात, लेझीमसारखे. 'परभणी' लिहायला एच, जे, शिफ्ट-वाय, शिफ्ट-सी, आर. चार अक्षरं, पाच ठोके. सरावलेल्या मुलीचे ते एका दमात वाजतात, आणि तिची नजर तेव्हा कीबोर्डवर नसते, शेजारी ठेवलेल्या उताऱ्याच्या पुढच्या ओळीवर असते.