तुमचे मूळ गाव कोणते?

भिलाईच्या सेक्टर ६मध्ये नवे मराठी बिऱ्हाड राहायला आले की शेजारच्या वहिनींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तुमचे मूळ गाव कोणते?’ आजी लगेच सांगतात. तालुका, नदी, ग्रामदैवत, सगळे त्यांच्या तोंडावर असते. सूनबाई जिल्ह्याच्या नावावर थांबते. नातू मात्र ठसक्यात सांगतो, ‘भिलाई!’ त्याचेही काही चूक नाही. येथील पहिली ब्लास्ट फर्नेस १९५९च्या फेब्रुवारीत सुरू झाली. त्या सुमारास आलेल्यांची नातवंडे आता स्वतः संसारात पडली आहेत. नोकरी संपली की कंपनीचे क्वार्टर सोडावे लागते, मुले पुण्याला किंवा परदेशी जातात आणि आजीबरोबर गावाचे नावही जाते.

ज्या रशियाच्या मदतीने हा कारखाना उभा राहिला, त्याच रशियात एके काळी जर्मन शेतकऱ्यांची गावेच्या गावे होती. दुसरी कॅथरीन ही राणी स्वतः जन्माने जर्मन. १७६३ साली तिने जाहीरनामा काढून परदेशी शेतकऱ्यांना बोलावले. जमीन मिळेल, धर्म पाळता येईल, सैन्यात जावे लागणार नाही, अशी वचने दिली. हजारो जर्मन कुटुंबे व्होल्गा नदीकाठी येऊन राहिली. पुढे १८७४ मध्ये लष्करभरती सर्वांना सक्तीची झाली, तेव्हा यांतली अनेक कुटुंबे अमेरिकेत कॅन्सास, नेब्रास्का, डाकोटा या भागांत जाऊन पुन्हा शेती करू लागली. गंमत पाहा, शंभर वर्षे रशियात राहूनही ते जर्मनच राहिले आणि अमेरिकेत शेजारी त्यांनाच रशियन म्हणू लागले! मागे राहिलेल्यांचे हाल वेगळेच. व्होल्गाकाठच्या लोकांना १९४१ साली स्टालिनच्या सरकारने घरादारातून उठवून सायबेरिया आणि कझाकस्तानात पाठवले. अमेरिकेतल्या वंशजांनी १९६८ मध्ये कोलोरॅडोत एक संस्था काढली. चर्चच्या नोंदी आणि बोटींच्या याद्या धुंडाळून ते आपला पणजोबा नेमक्या कोणत्या गावचा, हे शोधत असतात.

आपल्या मराठी माणसांतही असे कोणी दूर गेले का? गेले तर! जुन्या पिढीतल्या बायका पांढऱ्या साखरेला ‘मोरस साखर’ म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. त्या बेटावर १८३५ साली गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी झाली. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर तेथे गेले. बहुतेक बिहारकडचे. पण मुंबई बंदरातून रत्नागिरी आणि आसपासची कोकणी शेतकरी कुटुंबेही गेली. करार साधारण पाच वर्षांचा. पहिल्या करारात पुरुषाचा पगार महिना पाच रुपये आणि वर शिधा. पुष्कळजण परतलेच नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले, तेव्हा पैसा पैसा जोडून काहींनी ते घेतले. दुसऱ्याच्या रानात राबणारा माणूस स्वतःच्या उसाचा मालक झाला.

आज तेथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आपल्या कोकणातली जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने नाचतात. पण आडनावांची कथा निराळी आहे. समजा, सखाराम नावाचा तरुण बोटीतून उतरला. कारकुनाने त्याचे नाव लिहिले, बापाचे लिहिले. त्याचे स्वतःचे आडनाव कागदावर आलेच नाही. पुढे ‘सखाराम’ हेच त्याच्या नातवंडांचे आडनाव होऊन बसले. कोकणात भावकी शोधायची तर आडनाव हवे, आणि तेच नेमके हरवलेले.

मग माग कसा लागतो? प्रत्येक मजुराला एक क्रमांक असे. त्यापुढे वय, उंची, जात, जिल्हा, परगणा, गाव, बोटीचे नाव आणि मळ्याचे नाव. पुढच्या काळात छायाचित्रही काढू लागले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या वह्या जपून ठेवल्या आहेत. आजोबांचा क्रमांक किंवा नाव घेऊन माणसे तेथे येतात आणि गावाचे नाव घेऊन जातात. गावाचे नाव इंग्रजी कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले असल्याने पुढे नकाशावर बोट फिरवत बसावे लागते, ते वेगळे.

मला मात्र त्या वह्यांतली एक गोष्ट फार लागली. बाईलाही तेथे स्वतंत्र क्रमांक आहे. तिचे नाव, तिच्या बापाचे नाव, तिचे गाव. मजूर मोजणाऱ्याने ते माणुसकीने लिहिले असेल असे मुळीच नाही, हिशेबासाठीच लिहिले. पण लिहिले! आता आपल्या घरातली वंशावळ काढून पाहा. बहुधा आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी बाप्यांचीच ओळ. पणजीचे सासरचे नाव तरी कुठे सापडते का? लग्नात नाव बदलले, माहेर सुटले, आणि निम्मे घराणे कागदावरून पुसले गेले.

पुरुषांच्या बाजूचा शोध तुलनेने सोपा. तहसील कचेरीत जमिनीचे जुने फेरफार आणि अधिकार अभिलेख मिळतात, कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी मिळतात. जुने कागद पुष्कळदा मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा गाठावा. गावच्या शाळेचे दाखलखारीज रजिस्टर आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर किंवा गयेला घरातले कोणी गेले असेल, तर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत नावे आणि गाव सापडण्याची शक्यता असते.

आजीच्या बाजूचे कागद थोडे, म्हणून तिलाच विचारावे. माहेरचे नाव, आई-वडील, भावंडे, गाव, तालुका, लग्नाचे साल. साल आठवत नसेल तर त्या वर्षी काय घडले ते. तिच्या आईचे माहेरही विचारा. जुन्या छायाचित्रांच्या पाठीवर पेन्सिलने नावे लिहून घ्या, पेनाची शाई पुढे उमटते. दुपारचा चहा झाल्यावर बसलात तर दोन-तीन बैठकांत एक वही भरते, आणि आजी एकदा बोलू लागल्या की वही अपुरी पडते.