पगार नाही, हंगाम आहे

अमरावतीतला वास्तुविशारद, अकोल्यातली कर सल्लागार, लग्नाचे फोटो काढणारा, घरात बसून संकेतस्थळे तयार करणारी मुलगी, या सगळ्यांना नातेवाइकांचा एक फोन ठरलेला असतो. “घरीच हाय ना तुम्ही? मंग या ना बारशाले!” ज्याच्या डोक्यावर साहेब नाही त्याला वेळच वेळ, असा सगळ्यांचा समज. नोकरदाराची एक तारीख ठरलेली असते. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला मात्र हंगाम सांभाळावा लागतो. वऱ्हाडात हंगाम म्हणजे काय, हे कुणाला शिकवावे लागत नाही. आपले काम, डोके, ओळखी आणि पैसा यांची आखणीही त्याच शहाणपणाने करता येते.

आधी वर्ष आखा, मग दिवस

सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येते. कापसाची वेचणी तेव्हा सुरू होते आणि उलंगवाडीपर्यंत चालते. बाजारात पैसा खेळतो तो याच काळात. दुकानाची नवी पाटी, घराचा नकाशा, मुलीचे लग्न, सारे त्याच पैशावर ठरते. जून-जुलैत तोच पैसा बी-खतात गेलेला असतो, आणि गिऱ्हाईक म्हणते, “पीक निघू द्या.”

म्हणून एका कागदावर बारा महिने लिहा. प्रत्येक महिन्यापुढे दोनच गोष्टी मांडा: काम किती असते आणि पैसा कधी येतो. या दोन्हींचे महिने बहुधा वेगळे निघतात. कर सल्लागाराची धावपळ विवरणपत्रांच्या मुदतीभोवती असते, फोटोग्राफरची तुळशीच्या लग्नानंतर, बांधकामवाल्याची पावसाळ्याआधी. उरलेले महिने मशागतीचे: कामाचे नमुने नीट लावणे, नवे सॉफ्टवेअर शिकणे, जुन्या गिऱ्हाइकांची विचारपूस. नांगरट पेरणीच्या दिवशी करायची नसते.

सकाळ कामाला, दुपार कारकुनीला

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो. शेतकरी अशा दिवसांत पहाटेच निघतो आणि ऊन चढायच्या आत परततो. डोक्याच्या कामालाही हेच लागू आहे. सहा ते दहा हा वेळ अवघड कामाला द्यावा: आराखडा, मसुदा, हिशेबाची गुंतागुंत. बिले, ईमेल, फोन दुपारवर ढकलावेत.

लक्ष टिकत नसेल तर ‘पोमोडोरो’ करून पाहा. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ समोर ठेवून ही रीत बसवली. 25 मिनिटे एकच काम, मग 5 मिनिटे विश्रांती, आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. फोन मात्र दुसऱ्या खोलीत हवा. टेबलावर उलटा ठेवलेला फोनही बोलावत राहतो.

दादासाहेबांची दैनंदिनी

रोजच्या कामाची नोंद ठेवण्याचा अमरावतीलाच एक जुना धडा आहे. गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे (1854–1938) यांनी सरकारी नोकरी सोडून 1890 मध्ये अमरावतीत वकिली सुरू केली. वकिली, राजकारण, टिळकांच्या अपिलासाठी इंग्लंडचा मुक्काम, एवढ्या धबडग्यातही त्यांनी दैनंदिनी लिहिण्याची सवय जपली. त्यांच्या शिर्डीतल्या मुक्कामाच्या नोंदी साईभक्त आजही वाचतात.

आपण निदान चार ओळी लिहाव्यात: आज कोणते काम केले, किती तास लागले, कुणाला काय कबूल केले, कुणाकडून काय यायचे आहे. सहा महिन्यांनी याच ओळी मोलाच्या ठरतात. “किती पैसे लागतील?” या प्रश्नावर अंदाजे आकडा फेकण्याऐवजी मागच्या तशाच कामाचे तास बघून दर सांगता येतो. गिऱ्हाईक “तुम्ही असं म्हणालाच नव्हता” म्हणाले, तर तारीख हाताशी असते.

झाडाला ताण, डोक्याला सुट्टी

वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला विचारा, बहार कसा धरतात. मृग बहारासाठी तो उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडतो. पाने मलूल होतात, काही गळतात. झाडाची वाढ थांबते, अन्न फांद्यांत साठते आणि पावसाचे पाणी मिळाले की फुले येतात. बारमाही पाण्यावरचे झाड पालवीने हिरवेगार दिसते, पण एकाच वेळी भरून फुलत नाही. ताण जास्त झाला, तर मात्र झाडच खचते.

रोज पाच लग्नपत्रिका करणाऱ्या डिझायनरची सहावी पत्रिका पहिलीसारखीच दिसू लागते, तेव्हा त्याला अशाच थांब्याची गरज असते. आठवड्यातली एक दुपार कामाविना ठेवा. पायी फिरा, अमरावतीत असाल तर वडाळी तलावाकडे जा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ऑपेझो आणि श्वार्ट्झ यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना जास्त सुचल्या. एकच अचूक उत्तर शोधायच्या कामात मात्र चालण्याचा तसा फायदा दिसला नाही. त्यामुळे कल्पना चालताना शोधा आणि ताळेबंद बसून जुळवा.

सोयऱ्यांपलीकडची ओळख

आपल्याकडे पहिले काम सोयरा देतो, आणि पहिली उधारीही तोच ठेवतो. पुढची कामे दूरच्या ओळखींतून येतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये ‘दुबळ्या दुव्यांचे बळ’ दाखवून दिले. ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांची त्या ओळखीच्या माणसाशी गाठ क्वचित किंवा अधूनमधूनच पडत होती. कारण साधे आहे: जवळच्यांना जे ठाऊक असते, ते आपल्यालाही ठाऊक असतेच.

खापर्ड्यांच्या पिढीने हे कृतीत आणले होते. 1897 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष खापर्डे होते. अमरावतीचेच वकील रघुनाथ नरसिंह मुधोळकर 1912 मध्ये बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. गाव लहान, पण उठबस देशभर.

आज सुरुवात शेजारच्या शहरापासून करा. अमरावती-अकोला मार्गावर 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनेस विक्रम झाला. हा रस्ता विक्रमापुरता न ठेवता महिन्यातून एकदा दुसऱ्या शहरात गिऱ्हाईक शोधायला वापरा. शेतमालाची वेष्टने किंवा शेतीची अ‍ॅप करत असाल, तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिवारफेरी चुकवू नका. भेटल्यावर कार्ड देऊन मोकळे होऊ नका; त्या माणसाच्या उपयोगाची एक गोष्ट दोन दिवसांत पाठवा. आणि आपल्याच धंद्यातल्याशी सलोखा ठेवा. हंगामात त्याच्या हातून सुटलेले काम तुमच्याकडे येते, तुमचे त्याच्याकडे जाते.

मागितल्याशिवाय मिळत नाही

“पाहू ना भाऊ, पळून चाललो का?” या वाक्यात कितीतरी बिले अडकून पडतात. त्यावर काही उपाय:

- कामाआधी आगाऊ रक्कम घ्या. काम, दर आणि मुदत निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा.
- उद्यम नोंदणी करा. ती विनामूल्य आहे. 2006 च्या कायद्यानुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ठरल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त 45 दिवसांत, द्यावे लागतात. करारच नसेल तर मुदत 15 दिवसांची. पुढे चक्रवाढ व्याज लागते.
- वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, लेखापाल अशा ठरावीक व्यावसायिकांसाठी 2016 मध्ये अनुमानित उत्पन्नाची सोय आली. 50 लाखांपर्यंतच्या जमेतला निम्मा भाग उत्पन्न धरून त्यावर कर भरता येतो; रोख जमा 5 टक्क्यांच्या आत असेल, तर मर्यादा 75 लाखांची. आगाऊ कर 15 मार्चपर्यंत एकदम भरायचा असतो, म्हणून तो पैसा आधीच बाजूला काढा.

वेचणी सुरू करण्याआधी वऱ्हाडात सीतादही करतात. शेताची पूजा आधी, पिशवी भरणे नंतर. तुमच्या हंगामाची पहिली फी आली की तीही तशीच बाजूला ठेवा, वेगळ्या खात्यात, जून-जुलैच्या नावाने. आणि बारशाला जरूर जा. फक्त दहा वाजल्यानंतर.