बिबट्याची नावे

ठाण्याच्या घोडबंदर मार्गावर वाघबीळ नावाचे गाव आहे. त्याच्या पाठीशी येऊरचे डोंगर. तीच सुमारे १०४ चौरस किलोमीटरांच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची पूर्वेकडील बाजू होय. या रानात पट्टेरी वाघाची वस्ती आज उरलेली नाही. तरीही तेथील एखादा वृद्ध वारली ‘काल वाघ दिसला’ असे म्हणेल, तर ते खोटे मानू नये. त्याच्या बोलीत बिबट्या हाही वाघच. भेद दाखवायचा झाला म्हणजे दुसऱ्यास ‘पट्टेरी’ वा ‘ढाण्या’ म्हणावयाचे; आणि वाघोबा हा दोघांचाही देव.

हा घोटाळा अशिक्षितांचा समजून कोणी हसू नये. अमरकोशानेही शार्दूल, द्वीपी आणि व्याघ्र ही नावे एकाच अर्थी दिली आहेत. वस्तुतः ‘द्वीपी’ म्हणजे ज्याच्या अंगावर बेटे आहेत तो. पिवळ्या कातड्यावरील काळ्या ठिपक्यांना हे नाव किती शोभते! तेच झिजून गुजरातीत ‘दीपडो’ झाले. हिंदीने ‘तेंदुआ’ हा निराळा शब्द ठेवला, तर बंगाली त्यास ‘चिताबाघ’ म्हणते. या ‘चित्या’चे मूळ संस्कृत ‘चित्रक’, म्हणजे ठिपकेदार. परंतु खरा चित्ता वेगळा: अंगाने सडपातळ, ठिपके भरीव आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ. बिबट्याचे ठिपके मध्ये पोकळ, फुलासारखे असतात. भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. २०२२ साली नामिबियाहून तो कुनोच्या रानात आणला गेला. इंग्रजी ‘लेपर्ड’ या शब्दात तर हा प्राणी सिंहाचा संकर असल्याची जुनी भ्रांती दडली आहे.

नावाचा हा प्रश्न केवळ कोशापुरता नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाणे शहरात, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेत बिबट्या थेट इमारतीत शिरला. कल्याणात माणसे जखमीही झाली. अशा वेळी ‘वाघ आला’ ही हाक ऐकून गर्दी जमते, आणि वाट अडलेले भेदरलेले जनावर अंगावर येते. बिबट्या वस्तीजवळ येतो तो बहुधा कुत्र्यांसाठी, आणि कुत्री जमतात उकिरड्यावर. म्हणून कचरा उघडा टाकू नये, तिन्हीसांजेनंतर मुलांस रानालगत एकटे सोडू नये, आणि बिबट्या दिसल्यास त्याची वाट मोकळी ठेवून वनखात्यास कळवावे.

‘वाघ’ या जुन्या शब्दात आदर आहे, ‘बिबट्या’ या शब्दात नेमकी ओळख आहे. रानाशेजारी राहणाऱ्या नागरिकास दोहोंची सारखीच गरज आहे.