आर्तुर जॉर्ज

आर्तुर जॉर्ज ब्रागा मेलो तैशैरा (१३ फेब्रुवारी, इ.स. १९४६:पोर्तू, पोर्तुगाल - २२ फेब्रुवारी, इ.स. २०२४:लिस्बन, पोर्तुगाल) हे पोर्तुगालचे फुटबॉल खेळाडू व प्रशिक्षक होते. आघाडीचे खेळाडू म्हणून त्यांनी बेनफिकाकडून चार वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पुढे प्रशिक्षक म्हणून १९८७ साली एफ.सी. पोर्तूला युरोपियन चषक जिंकून दिला. हा चषक जिंकणारे ते पहिले पोर्तुगीज प्रशिक्षक होत. त्यांच्यानंतर हे यश केवळ जोझे मोरिन्हो यांना मिळाले आहे.

कोइंब्रातील वर्षे

पोर्तूच्या वरिष्ठ संघातून मोजके सामने खेळल्यावर १९६५ मध्ये ते कोइंब्राच्या आकादेमिका या क्लबात गेले. हा कोइंब्रा विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेतून निघालेला क्लब होता आणि त्याचे अनेक खेळाडू खेळाबरोबरच पदवीचा अभ्यास करीत. जॉर्ज यांनी येथे जर्मॅनिक भाषा व साहित्याचा अभ्यास सुरू केला. १९६६-६७ च्या हंगामात आकादेमिकाने राष्ट्रीय स्पर्धेत बेनफिकाखालोखाल दुसरे स्थान मिळवले. क्लबच्या इतिहासातील ही सर्वोत्तम कामगिरी आहे.

१७ एप्रिल, १९६९ रोजी विद्यापीठातील गणित विभागाच्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी राष्ट्राध्यक्षांसमोर बोलण्याची परवानगी विद्यार्थी प्रतिनिधीला नाकारण्यात आली आणि त्यातून हुकूमशाही राजवटीविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहिले. त्याच वर्षी आकादेमिका पोर्तुगाल चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचली. २२ जून रोजी लिस्बनजवळच्या राष्ट्रीय क्रीडागारात प्रेक्षकांनी निषेधाचे फलक फडकावले. राष्ट्राध्यक्ष सामन्यास आले नाहीत आणि दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपणही झाले नाही. बेनफिकाने हा सामना अतिरिक्त वेळेत २-१ असा जिंकला. संघाचे प्रमुख गोल करणारे जॉर्ज मात्र सक्तीच्या लष्करी सेवेमुळे मैदानात उतरू शकले नाहीत. पुढच्याच हंगामात ते बेनफिकाकडून खेळू लागले.

बेनफिका आणि खेळाडूंची संघटना

बेनफिकात त्यांना युसेबियोच्या जोडीने खेळावयाचे होते. तरीही १९७०-७१ (२३ गोल) आणि १९७१-७२ (२७ गोल) या लागोपाठ दोन हंगामांत राष्ट्रीय स्पर्धेत सर्वाधिक गोल त्यांच्या नावावर लागले. राष्ट्रीय संघाकडून ते १६ सामने खेळले.

त्या काळी पोर्तुगालमध्ये करार संपला तरी खेळाडूला आपल्या मर्जीने दुसऱ्या क्लबात जाता येत नसे. खेळाडूवर पहिला हक्क जुन्या क्लबाचाच राही. याविरुद्ध १९७२ साली व्यावसायिक खेळाडूंची जी संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत जॉर्ज होते. राजवट अद्याप कायम होती, ती २५ एप्रिल, १९७४ रोजी कोसळली, हे लक्षात घेता कामगार संघटना काढणे ही साधी बाब नव्हती. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात बेलेनेन्सेसकडून खेळत असताना पाय मोडल्याने त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द संपली.

प्रशिक्षक

माजी खेळाडूने अनुभवाच्या बळावर थेट प्रशिक्षक व्हावे, अशी तेव्हाची रीत होती. जॉर्ज यांनी मात्र पूर्व जर्मनीतील लाइपझिग येथे जाऊन प्रशिक्षणशास्त्राचा अभ्यास केला आणि त्यानंतर जोझे मारिया पेद्रोतो यांच्या हाताखाली गिमाराइंश येथे सहायक म्हणून काम केले. बेलेनेन्सेस व पोर्तिमोनेन्से या क्लबांनंतर १९८४ मध्ये, पेद्रोतो गंभीर आजारी असताना, पोर्तूची सूत्रे त्यांच्याकडे आली. पेद्रोतो यांचे जानेवारी १९८५ मध्ये निधन झाले. त्याच हंगामात पोर्तूने १९७९ नंतर प्रथमच राष्ट्रीय विजेतेपद मिळवले व पुढील वर्षी ते राखले.

२७ मे, १९८७ रोजी व्हिएन्ना येथे युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात पोर्तूची गाठ बायर्न म्युनिकशी पडली. प्रमुख गोल करणारा फेर्नांदो गोमेस दुखापतीमुळे संघात नव्हता. पूर्वार्धात लुडविग क्योगलच्या हेडरने बायर्नने आघाडी घेतली. मध्यंतरानंतर जॉर्ज यांनी मध्यरक्षक किम याच्या जागी ब्राझिलचा आघाडीचा खेळाडू जुआरी याला उतरवले. ७७व्या मिनिटाला रबाह माजेरने टाचेने चेंडू जाळ्यात ढकलून बरोबरी साधली आणि त्यानंतर काही मिनिटांतच माजेरच्या पासवर जुआरीने विजयी गोल केला. माजेरचा गोल आजही वारंवार दाखवला जातो. मध्यंतरातील त्या बदलाची आठवण त्यामानाने कमी काढली जाते.

विजयानंतर ते पॅरिसच्या रेसिंग क्लबात गेले. १९८९ मध्ये पोर्तूत परतून त्यांनी पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९९१ ते १९९४ या काळात पॅरिस सें-जर्मेंने त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३ चा फ्रेंच चषक आणि १९९३-९४ चे लीग विजेतेपद जिंकले. जॉर्ज वेया, दाविद जिनोला यांसारखे खेळाडू असूनही संघाचा खेळ अतिसावध असल्याची टीका होत राहिली आणि विजेतेपदानंतर त्यांच्या जागी लुइस फर्नांडेझ आले.

उतरता काळ

बेनफिकाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी विजेता संघ मोठ्या प्रमाणावर बदलला. संघ तिसऱ्या स्थानी घसरला आणि पुढचा हंगाम सुरू होताच त्यांना पद सोडावे लागले. १९९६ च्या युरो स्पर्धेसाठी स्वित्झर्लंडच्या संघातून आलां सुटर व आद्रियान क्नुप यांना वगळल्याने तेथे संताप उसळला. स्वित्झर्लंडने एकही सामना जिंकला नाही.

त्यानंतर ते दुसऱ्यांदा पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. मार्च १९९७ मध्ये संघातून वगळल्याच्या रागाने रिकार्दो सा पिंतो याने सरावाच्या ठिकाणी येऊन त्यांच्यावर हात उगारला. या खेळाडूवर एका वर्षाची बंदी आली. पोर्तुगाल १९९८ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरू शकला नाही. पुढे स्पेन, नेदरलँड्स, सौदी अरेबिया, रशिया आदी देशांत त्यांनी काम केले. २००६ च्या आफ्रिकन चषकात त्यांचा कामेरून संघ उपांत्यपूर्व फेरीत कोत द'ईव्होआरकडून पेनल्टींवर १२-११ असा हरला.

इतर

दाट मिशांचे जॉर्ज ‘राजा आर्तुर’ म्हणून ओळखले जात. त्यांचा ‘व्हेर्तिस दा आग्वा’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये ब्राझिलच्या बोताफोगोला कोपा लिबेर्तादोरेस जिंकून देणारे आर्तुर जॉर्ज हे वेगळे पोर्तुगीज प्रशिक्षक असून त्यांचा जन्म १९७२ चा आहे.