अंगावर रोज गांधी उठतात? उपचाराचे केंद्र कसे पारखायचे

अंगावर लालसर, खाजणाऱ्या गांधी उठल्या की आपल्याकडे ‘पित्त उठले’ म्हणतात. मग आमसुलाचे पाणी चोळतात, घोंगडी पांघरायला देतात. एखाद-दुसऱ्या वेळचे पित्त काही तासांत नाहीतरी जातेच, त्यामुळे श्रेय घोंगडीला मिळते. खरी अडचण सहा आठवडे उलटूनही रोज किंवा दिवसाआड गांधी उठत राहतात तेव्हा सुरू होते. डॉक्टर त्याला क्रॉनिक उर्टिकेरिया म्हणतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार जास्त दिसतो आणि कित्येकांना तो वर्षानुवर्षे पुरतो.

‘पित्त’ या शब्दाने बराच घोळ केला आहे. पोटातल्या आंबटपणालाही आपण पित्तच म्हणतो, म्हणून पुष्कळजण ॲसिडिटीची गोळी घेत बसतात. या गांधींचा जठराशी तसा संबंध नाही. त्वचेत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्या हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात आणि तिथे सूज व खाज येते. दीर्घकाळच्या आजारात बऱ्याच वेळा शरीराने स्वतःच्याच विरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये या पेशींना चेतवतात. म्हणजे दोष वांग्याचा नसतो, अंड्याचाही नसतो आणि बाहेरच्या बाधेचा तर मुळीच नसतो. हा आजार खरजेसारखा एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. हे शेजारणीला आणि घरकामाला ठेवणाऱ्या बाईंनाही सांगावे, कारण हातावरच्या गांधी पाहून काम सुटू शकते.

आजार जिवावर बेतणारा क्वचितच असतो, पण झोप, काम आणि पैसा तिन्ही खातो. एक डॉक्टर इंजेक्शन देतो, दुसरा हजारो रुपयांची ॲलर्जीची तपासणी लिहून देतो, तिसरा चाळीस पदार्थ बंद करायला सांगतो. असाच फेरा युरोपातल्या रुग्णांच्याही वाट्याला येत होता. म्हणून २०१६ मध्ये गालेन या ॲलर्जी व दमा तज्ज्ञांच्या जाळ्याने ‘यूकेअर’ नावाची मान्यतेची पद्धत आणली. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातले त्वचारोगतज्ज्ञ मार्कुस माउरर यांचा त्यात मोठा वाटा होता.

या आजारासाठी खास केंद्र म्हणवून घ्यायचे असेल तर ३२ अटी पूर्ण कराव्या लागतात. नुसता अर्ज भरून चालत नाही, तपासणी होते आणि मान्यता ठराविक मुदतीनंतर पुन्हा मिळवावी लागते. अटी चार बाजूंच्या आहेत: केंद्राची व्यवस्था, रुग्णाची तपासणी व उपचार, संशोधन आणि शिक्षण. आज जगभरात अशी १०० हून अधिक केंद्रे आहेत, भारतातही काही आहेत. ही मान्यता सरकारी नाही, तज्ज्ञांनी तज्ज्ञांना दिलेली आहे. तिच्यामुळे औषध स्वस्तही होत नाही. शिवाय संशोधनाची अट असल्यामुळे मोठ्या संस्थांनाच ती सोपी जाते, हेही खरे. तरी तिच्यातली एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे: चांगला उपचार कसा दिसतो हे तिने लिहून ठेवले. ती फूटपट्टी आपण जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीलाही लावू शकतो.

पहिली खूण मोजणीची. चांगल्या केंद्रात ‘कसं वाटतंय?’ एवढेच विचारत नाहीत, सात दिवसांचे गुण मागतात. हे घरीही वहीत लिहिता येते. दिवसभरात गांधी नसतील तर ०, वीसपेक्षा कमी असतील तर १, वीस ते पन्नास असतील तर २, त्याहून जास्त किंवा मोठे चट्टे असतील तर ३. खाजेलाही तसेच ० ते ३. दोन्हींची रोजची बेरीज जास्तीत जास्त ६, आठवड्याची ४२. आठवड्याची बेरीज ६ किंवा त्याखाली असेल तर आजार बराच आटोक्यात आहे असे धरतात. ही वही केसपेपरसोबत न्या. दोन मिनिटांच्या भेटीत ती तुमच्या वतीने बोलेल.

दुसरी खूण तपासणीची. बहुतेकांना रक्ताच्या मोजक्या साध्या तपासण्या पुरतात. लांबलचक ॲलर्जी पॅनेलचा या आजारात सहसा उपयोग नसतो. थंडीने गांधी उठत असतील तर बर्फाचा खडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाच मिनिटे हातावर ठेवून पाहतात, पण तो प्रयोग डॉक्टरसमोरच करायचा.

तिसरी खूण औषधाची. सुरुवात गुंगी कमी आणणाऱ्या गोळ्यांनी होते: लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन यांसारख्या. त्या जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतात आणि गांधी उठल्यावर नाही, तर रोज घ्यायच्या असतात. गुण आला नाही तर डॉक्टर मात्रा चौपटीपर्यंत वाढवू शकतात. आपण आपल्या मनाने वाढवू नये. त्यानेही भागले नाही तर ओमॅलिझुमॅबचे इंजेक्शन असते, साधारणपणे दर चार आठवड्यांनी. ते महाग आहे. पण पुष्कळांची वेळ तिथपर्यंत येण्याआधीच उपचार अर्धवट सुटतो, असे मला वाटते.

स्टेरॉइडने दोन दिवसांत अंग साफ होते, म्हणून ते मागून घेणारेही असतात. ते महिनोन्‌महिने चालू राहिले तर साखर, रक्तदाब आणि हाडे बिघडतात. तेच ते इंजेक्शन वारंवार मिळत असेल तर त्यात काय आहे ते लिहून मागा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी काहींचा त्रास वाढतो, तेही डॉक्टरांना सांगा. गरोदर असाल तर आधी तेच सांगा.

एकच गांध २४ तासांहून जास्त टिकली, दुखली किंवा जाताना काळा डाग ठेवून गेली तर तो वेगळा आजार असू शकतो. तज्ज्ञांना दाखवा. जीभ किंवा घसा सुजला, श्वास अडकला, चक्कर आली तर ओपीडीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.