वेग दुप्पट, अंतर चौपट

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी 100 किलोमीटरने धावणारी मोटार दर सेकंदाला जवळजवळ 28 मीटर पुढे जाते. रस्ता सरळ आणि वेगमापकाचा काटा स्थिर असेल, तर एवढ्या वेगातही तिचे त्वरण शून्य असते.

त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. सिग्नल सुटल्यावर गाडीने 10 सेकंदांत शून्यावरून सेकंदाला 20 मीटरचा वेग गाठला, तर दर सेकंदाला वेगात सरासरी 2 मीटर प्रतिसेकंदाची भर पडली. हेच तिचे त्वरण. घाटातल्या वळणावर काटा हलला नाही तरी दिशा बदलते, म्हणून तिथेही त्वरण असतेच.

ब्रेक दाबला की हे गणित उलटे चालते. कोरड्या रस्त्यावर दर सेकंदाला वेग 7 मीटर प्रतिसेकंदाने घटतो असे धरू. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी सुमारे 14 मीटरमध्ये थांबेल. वेग 100 असेल तर?

28 नव्हे, तब्बल 55 मीटर! वेग दुप्पट असला की थांबायला वेळ दुप्पट लागतो आणि त्या वेळातला सरासरी वेगही दुप्पट असतो. त्यामुळे अंतर चौपट होते.

धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी 28 मीटर. ओल्या रस्त्यावर टायरची पकड कमी होते आणि ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर वाढते. म्हणून पुढच्या गाडीपासून निदान तीन सेकंदांचे अंतर ठेवा. पावसाळ्यात त्याहून जास्त.